वाघ हमखासच बघायचा असेल तर झू आहे ना! वनविभागाला आणि सफारीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, नागपूर,
आणि ताडोबा, पेंच, उमरेड, मेळघाटला गाड्या काढून जाणारी समस्त मंडळी,

नमस्कार.

या पत्राला निमित्त कैलाश सांखलांचं आहे, वाघ वाचवायच्या केंद्राच्या योजनेचे, म्हणजे प्रोजेक्ट टायगरचे पहिले डायरेक्टर. साहेबलोकांना हे नाव माहीत असणारच, कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये एकदा तरी कानावरून गेलेलं असतं. सफारीवाल्यांचं मात्र सांगता येत नाही. मागे एका जिप्सीत बाकीच्यांना सहज विचारलं तर कोणालाच पत्ता नव्हता, पण ताडोबातली माया वाघीण कधी गायब झाली, मटकासूर किती मोठा होता, छोटी ताराचे बछडे आता कुठे फिरतात हे सगळ्यांच्या तोंडावर. असो. राग नाही, पण ज्या माणसाच्या आखणीवर आजचा कोअर (जंगलाचा राखलेला गाभा), बफर (त्याच्याभोवतीचा पट्टा), गेट, नाका हे सगळं उभं आहे त्याचं नाव विदर्भात तरी माहीत असायला पाहिजे, कारण त्याने सुरू केलेल्या पहिल्या ९ व्याघ्रप्रकल्पांत आपला मेळघाट होता.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो, कारण पत्र लांबणार आहे. सांखला आधी दिल्लीच्या झूचे डायरेक्टर होते आणि नंतर प्रोजेक्ट टायगरचे पहिले डायरेक्टर झाले. दोन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस. पिंजऱ्यातला वाघ काय चीज आहे आणि जंगलातला काय, हे त्यांच्याइतकं जवळून बघितलेली माणसं तेव्हा देशात बोटावर मोजण्याइतकी असतील. आणि त्या माणसाने जंगल सांभाळताना हट्ट कशाचा धरला, तर जंगलातला माणसाचा हात काढून घ्या. आपण गेल्या काही वर्षांत नेमकं उलटं चालवलंय. झूला जंगल म्हणतोय आणि जंगलाला हळूहळू झू करतोय.

आता जरा मागे जातो. जोधपूरचा माणूस, १९२५ चा जन्म. १९५३ ला वनखात्यात लागला. तेव्हाचं वनखातं म्हणजे मुख्यतः लाकूड. किती झाडं तोडली, किती महसूल आला, यावर साहेबाची किंमत ठरायची, आणि जंगली जनावर म्हणजे शिकारीचे ब्लॉक आणि परमिट. परदेशातून पाहुणे यायचे, शिकार कंपन्या त्यांना वाघ 'मिळवून' द्यायच्या, डॉलर यायचे म्हणून सरकारही खूश. वाघ कमी होतायत असं कोणी म्हटलं तर त्याला हिंग लावून कोणी विचारत नव्हतं. सांखलांनी स्वतःही नोकरीच्या सुरुवातीला एक वाघ मारलेला, आणि त्याची टोचणी आयुष्यभर राहिली असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे वाघवाल्यांची चरित्रं एकदम देवमाणसाची करून टाकतात. हा माणूस त्याच बंदुकीच्या जमान्यातून आला होता, खात्यातलाच होता, बाहेरून येऊन शिकवणारा नव्हता.

राजस्थानात सरिस्का, भरतपूर, रणथंभोर अशी जंगलं आणि पाणथळी बघून झाल्यावर १९६५ ला दिल्लीच्या झूची जबाबदारी आली. पुराना किल्ल्याच्या भिंतीला लागून असलेलं हे झू १९५९ ला लोकांसाठी उघडलं होतं. आखणी करताना जर्मनीतल्या झू चालवणाऱ्या हागेनबेक मंडळींचा सल्ला घेतला होता, म्हणजे गजांच्या पिंजऱ्यांऐवजी मोकळं आवार आणि मध्ये खंदक. त्या काळच्या मानाने एकदम आधुनिक. आणि तिथली सगळ्यात मोठी गर्दी कशाला, तर रेवाहून आणलेल्या राजा-राणी या पांढऱ्या वाघांच्या जोडीला. रेवाच्या महाराजांनी १९५१ ला पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाची ही पिल्लं, आणि त्यांची आई म्हणजे मोहनचीच मुलगी. राजा-राणी सख्खे भाऊबहीण, आणि त्यांचीच पुढे जोडी लावलेली. रंग टिकवायचा तर घरातल्या घरात लावालावी करावीच लागते, दुसरा मार्ग नाही. लोकांना पांढरा वाघ म्हणजे दैवी चमत्कार वाटायचा, प्रत्यक्षात तो माणसाने हट्टाने जपलेला एक जनुकीय अपघात. सांखलांच्या झूमध्येही हे चाललं होतं, त्यांनीही ती पैदास केली, हे लपवायचं कारण नाही.

पण झूने त्यांना एक गोष्ट दिली ती दुसरीकडे मिळाली नसती. तेव्हा रेडिओ कॉलर नव्हती, ट्रॅप कॅमेरे नव्हते, जंगलात वाघ दिसायचा म्हणजे मचाणाखाली आमिष म्हणून बांधलेल्या बोद्यावर (रेडकावर) आलेला, क्षणभर. झूमध्ये रोज, तासनतास. वाघीण माजावर कधी येते, नर-मादी किती वेळा जुळतात, साधारण साडेतीन महिन्यांनी बछडे कसे होतात, आई त्यांना तोंडात धरून जागा का बदलते, अशा गोष्टी तिथे बघून लिहिता आल्या. १९६७ ला त्यांचा वाघांच्या प्रजननावरचा लेख जगभरातल्या झूवाल्यांच्या वार्षिकात छापून आला. आज जे कुठल्याही शाळकरी पोराला डॉक्युमेंटरीत दिसतं ते तेव्हा कोणालातरी वही घेऊन खंदकाच्या कडेला बसून जमवावं लागलं.

अजून एक गंमत त्या झूची. तिथल्या तळ्यातल्या बेटांवर १९६० पासून जंगली चित्रबलाक येऊन घरटी करतात. आपल्या भिगवणला दिसतात तेच, पिवळी चोच, शेपटाकडे गुलाबी झाक असलेले. कोणी पकडून आणलेले नाहीत, पंख कापलेले नाहीत. पावसाळा सरता सरता येतात, बेटावरच्या वेड्या बाभळीवर एकाला लागून एक काटक्यांचे ढीग रचतात, पिल्लांसाठी बाहेरून मासे धरून आणतात, आणि पिल्लं उडाली की निघून जातात. भर दिल्लीत, तिकीट काढून आलेल्या गर्दीच्या समोर. त्यांना काय दिलं होतं कोणी? पाणी, काटेरी झाड आणि बेटावर माणूस पोचणार नाही एवढी हमी. माझ्या मते सांखलांचं पुढचं सगळं तत्त्वज्ञान या बेटावर आधीच मांडून ठेवलेलं होतं, फक्त ते चौरस किलोमीटरमध्ये नेणं बाकी होतं. हे माझं म्हणणं आहे, त्यांच्या नावावर खपवत नाही.

झूचे डायरेक्टर असतानाच त्यांनी आणखी एक काम केलं जे त्यांच्या नोकरीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. दिल्लीतल्या कातडीच्या दुकानांमध्ये फिरले. वाघाची, बिबट्याची कातडी, कोट, पर्स, काय काय आणि किती विकायला आहे याचा हिशेब काढला, आणि १९६७ ला तो इंडियन एक्सप्रेसमध्ये आला. विचार करा, केंद्र सरकारच्या झूचा साहेब बाजारात जाऊन उघड्यावर चाललेला धंदा मोजतोय. तेव्हा तो बेकायदाही नव्हता! वन्यजीव कायदा यायला अजून ५ वर्षं होती. त्यामुळे धाड वगैरे टाकायचा प्रश्नच नव्हता, फक्त आकडे लोकांसमोर ठेवायचे. सरकारी माणसाने इतकं करणं म्हणजे आजही जड जाईल.

पुढचं भराभर सांगतो कारण ते सगळीकडे लिहिलेलं आहे. १९६९ ला दिल्लीत आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेची सभा झाली, वाघ धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. १९७० ला वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी. सांखलांना नेहरू फेलोशिप मिळाली आणि ते झूची खुर्ची सोडून वाघाच्या मागे जंगलाजंगलातून फिरले. १९७२ ला पाऊलठशांवरून गणती झाली, आकडा आला १८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा. करणसिंहांच्या अध्यक्षतेखालच्या टास्क फोर्सने आराखडा केला, इंदिरा गांधींनी पाठबळ दिलं, डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेने १० लाख डॉलर कबूल केले, आणि १ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला. डायरेक्टर कैलाश सांखला.

आणि इथून खरी मजा. या माणसाने वाघासाठी काय केलं असं विचाराल तर पहिलं उत्तर, कोअरमध्ये काम बंद केलं. झाडतोड बंद, मेलेलं झाड उचलणंही बंद, चराई बंद, बांबू बंद, वाघाला बोदे बांधून दाखवणं बंद. वनखात्याच्या माणसाला सांगायचं की तुझ्या ताब्यातलं सागाचं जंगल आता नुसतं राख, त्यातून रुपया काढायचा नाही, याचा अर्थ तेव्हा काय झाला असेल विचार करा. मेळघाटचा साग इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. सिपना, खापरा, गाडगा, डोलार या नद्यांच्या खोऱ्यांतला माल पिढ्यानपिढ्या खाली उतरत होता. तो कोअरमध्ये थांबला. पुष्कळ फॉरेस्टवाल्यांना हा वेडेपणा वाटला असणार, कारण त्यांच्या शाळेत जंगल 'मॅनेज' करायला शिकवलेलं. सांखलांचं म्हणणं असं की निसर्गाला आपल्या मॅनेजमेंटची गरज नाही, आपण काही करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका. ऐकायला आळशी माणसाचं धोरण वाटतं. पण जो खुर्चीवर बसलाय त्याच्यासाठी 'काही न करणं' हे सगळ्यात अवघड काम असतं हे साहेबांना मी सांगायला नको. बजेट आलं की खर्च करावा लागतो, खर्च करायचा तर बांधकाम आलंच, मग गेटला वाघाच्या जबड्याची कमान, मग इंटरप्रिटेशन सेंटर, मग कॉटेज, मग सेल्फी पॉइंट!

मेळघाटने या न करण्याचं फळ खाल्लंय. १९९७ ला रानपिंगळा, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं कोणाला न दिसलेलं घुबड, शहाद्याजवळ सापडलं आणि मग शोधलं तर मेळघाटातही निघालं. त्याच्यासाठी कोणी प्रकल्प केला नव्हता, वाघाच्या नावाने जुना साग उभा राहिला म्हणून तेही राहिलं. अकोट-खंडवा रेल्वेचं रुंदीकरण मेळघाटाच्या पोटातून करायचं चाललं होतं, तो मार्ग बाहेरून न्यायचं ठरलं, ते कशाच्या जोरावर? कोअर नावाची रेष ५० वर्षांपूर्वी आखून ठेवली होती म्हणून.

बरं, आता सफारीवाल्यांनो, तुमच्याकडे येतो. राजेहो, चिडू नका, मीही तुमच्यातलाच आहे, मलाही वाघ बघायला आवडतो, कोणाला नाही आवडत.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात काय झालं ते तुम्ही व्हिडिओत बघितलंय. एफ-२ वाघीण आणि तिचे ५ बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, माणसं उभी राहून मोबाईल वर करून. वाघीण इकडे वळते, रस्ता बंद, तिकडे वळते, रस्ता बंद. नागपूर खंडपीठाने बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली, गाइड-ड्रायव्हर निलंबित झाले. गाइड-ड्रायव्हरवर कारवाई झाली ते ठीकच, पण त्या गाड्यांत बसलेल्या लोकांनी 'भाऊ घे पुढे, अजून घे पुढे, पैसे देऊ' म्हटलं नसतं तर ड्रायव्हरला काय हौस होती का? आजूबाजूच्या गावातलं पोरगं ते, वाघ दाखवला तर टीप, नाही दाखवला तर तोंड वाकडं करून उतरणारे पाहुणे. आपण त्याला झूचा कीपर करून टाकलाय, फक्त खंदक नाही मध्ये.

सगळ्यात वाईट मला काय वाटतं, आपल्याला वाघ हमखास पाहिजे. चार हजार भरलेत ना, मग वाघ दिसला पाहिजे, आणि सकाळच्या फेरीत नाही दिसला तर 'सफारी वाया गेली'. अरे वाया कशी गेली? गवे दिसले, रानकुत्री दिसली, सांबराचा कॉल ऐकला, अर्जुनाच्या झाडावर नखांचे ओरखडे बघितले, ते सगळं गेलं खड्ड्यात. हमखास वाघ बघायची जागा माणसाने आधीच शोधून ठेवलीय, तिला झू म्हणतात. तिथे जायला लाज वाटायचं काही कारण नाही. सांखलांनीच चालवलं ना ५ वर्षं. पोराला आयुष्यात पहिल्यांदा वाघ दाखवायचाय, आजीला दाखवायचाय, परवडत नाही म्हणून जंगलात जाता येत नाही, या सगळ्यांसाठी शहरातलं चांगलं झू हे फार मोठं काम आहे.

आणि म्हणूनच साहेब, आपल्याकडची शहरांतली प्राणिसंग्रहालयं बघून जीव तुटतो. मी एका महापालिकेच्या बागेत (नाव घेत नाही) बिबट्या बघितला, सिमेंटच्या फरशीवर एकाच रेषेत येरझारा, भिंतीपाशी वळायचं, पुन्हा तीच रेष, फरशीवर त्याच्या चालीची वाट पडलेली. बाहेर फुगेवाला, भेळवाला, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि एकही माणूस सांगायला नाही की हा प्राणी काय खातो, कुठे राहतो, का असा फिरतो. मोठ्या मांजरांवर प्रेम करायला शिकवायची जागा ही, आणि तिथून पोरगं शिकून काय जातं तर प्राण्याला खडा मारला की तो हलतो. तेच पोरगं मोठं होऊन जिप्सीत 'घे पुढे' म्हणतं. झू सुधारणं हे जंगल वाचवण्याचंच काम आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाचं किरकोळ खातं नाही ते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, नियम आहेत, पण झूच्या डायरेक्टरच्या खुर्चीवर प्राण्यांतलं काही कळणारा, ४-५ वर्षं टिकणारा माणूस बसवणं हे तर राज्यात ठरवता येतं ना?

उलट आपलं लक्ष कुठे, तर 'टायगर सफारी'त. म्हणजे कुंपण घातलेलं मोठं आवार, आत वाघ, आणि बस. नाव सफारी, पण आहे ते झूच. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२१ ला सुरू झालं, आता अजून ठिकाणीही चाललंय. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये कॉर्बेटच्या पाखरो टायगर सफारीच्या प्रकरणात सांगितलं की कोअरमध्ये हे चालणार नाही, आणि बाहेर केलंच तर जखमी, अनाथ, संघर्षातून पकडलेलेच वाघ, झूमधले आणायचे नाहीत. चांगलं सांगितलं. पण तरी एक लक्षात घ्या, वाघ एकदा कुंपणाआड आला की तो माणसाच्या हवाली झाला, त्याचं खाणं, पाणी, आजारपण सगळं आपल्या गळ्यात. २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले, संघर्षातून पकडून आणलेली जनावरं होती ती. कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाहीये, जगभर मांजरांना हा रोग होतोय. पण पकडून आणलं म्हणजे प्रश्न मिटला असं समजायचं नाही एवढंच.

आणि कुंपणातून परत जंगलात नेणं किती कठीण, तेही आपण बघितलंय. अवनी वाघिणीची पोरगी. आई नोव्हेंबर २०१८ मध्ये पांढरकवड्याकडे मारली गेली, पोरगी सापडली, पेंचला मोठ्या आवारात २ वर्षांवर ठेवली, शिकार शिकवली, मार्च २०२१ मध्ये कॉलर लावून सोडली, आणि दुसऱ्या वाघिणीशी झटापटीत जखमी होऊन आठ-दहा दिवसांत मेली. खात्याच्या लोकांनी मनापासून केलं होतं, मला शंका नाही. सांखला या बाबतीत फार कडक होते. वाघांसाठी झटणाऱ्या बिली अर्जनसिंगांनी इंग्लंडच्या झूमधली तारा नावाची वाघीण आणून उत्तर प्रदेशातल्या दुधव्यात सोडली तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला होता. तेव्हा लोकांना वाटलं हा सरकारी माणसाचा आकस आहे, दोघांचं भांडण आहे. पुढे दुधव्याच्या वाघांत सायबेरियन वाघाचे जनुक सापडले. पिंजऱ्यातला वाघ म्हणजे जंगलाचा राखीव साठा नव्हे, हे झू चालवलेल्या माणसाने आधीच ओळखलं होतं.

आता या माणसाची दुसरी बाजू, ती टाळून पत्र पुरं होणार नाही. जंगलातला माणसाचा हात काढा म्हणताना तो हात कोणाचा होता? लाकूडवाल्या ठेकेदाराचा होता, शिकाऱ्याचा होता, आणि मेळघाटातल्या कोरकू आदिवासीचाही होता. रेष आखणाऱ्याने ठेकेदार आणि मेळघाटातली मोहफुलं वेचणारी बाई यांना एकाच बाजूला ढकललं, हे माझं सांखलांच्या पद्धतीबद्दलचं मोठं भांडण आहे. कोहा, कुंड, बोरी ही गावं मेळघाटातून आधी बाहेर आली, मग एकेक करत बाकीची. आधी कुटुंबामागे १० लाख, आता १५ लाखांचं पॅकेज आहे. पैसे मिळाले, पण पैसा संपतो, जमीन मुरमाड निघते, जंगलातली माणसं सपाटीवर अकोटकडे उन्हात कशी जगतात ते एकदा जाऊन बघा. २०१९ च्या जानेवारीत तिकडचे लोक परत जंगलात शिरले आणि वनविभाग-पोलिसांशी चकमक झाली, ते काही उगाच झालं नाही. सांखलांच्या वेळी वनहक्क कायदा नव्हता, आता २००६ पासून आहे, तेव्हा त्या काळी जे खपलं ते आज खपवू नका. ज्या कोअरमधून कोरकूला बाहेर काढलं त्याच कोअरमध्ये माझी जिप्सी जाते, हे मला पटवून सांगायचं तर साहेब तुमच्याकडे काय उत्तर आहे? माझ्याकडे नाही.

आणि आकड्यांचं म्हणाल तर अभिनंदनच आहे. राज्यात २००६ ला १०३ वाघ, २०२२ ला ४४४. देशात १४११ वरून ३६८२. १८२७ वरून सुरुवात करणाऱ्या माणसाला हे बघून बरं वाटलं असतं. पण हे ४४४ सगळे काही कोअरमध्ये बसून नाहीत. चंद्रपूरला ते शेताच्या बांधावर आहेत, नाल्यात आहेत, गोठ्यामागे आहेत. १० मे २०२५ ला सिंदेवाहीत तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या ३ बायका एका दिवसात मारल्या गेल्या. पुण्या-मुंबईच्या फेसबुकवर 'वाघाच्या घरात माणूस घुसला' असं लिहिणाऱ्यांनी एक मे महिना तिकडे पहाटे पानं तोडायला जाऊन बघावं. कोअर म्हणजे माणसाला बंदी, बफर म्हणजे सगळ्यांनी एकत्र राहा, हा जो जुना हिशेब आहे त्यात बफरवाल्याला काय मिळालं? जिप्सीचं गेट मिळालं, काही पोरांना गाइडची नोकरी मिळाली. बाकीच्यांना रात्री रानडुक्कर हाकलायला जायची भीती.

मध्येच एक चांगली गोष्ट सांगतो नाहीतर वाटेल हा माणूस नुसती किरकिर करतोय. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला देतात ते मी केलंय. चौदा-पंधरा तास पाणवठ्यासमोर, वर चंद्र, खाली सुकलेल्या पानांचा थर. संध्याकाळी रानकोंबड्या पाण्यावर, मग अंधार पडताना रातवा पक्षी सुरू, टकटक टकटक, एक अस्वल आलं ते पाणी पिताना इतका आवाज करत होतं की सोबतचा वनमजूर हसायला लागला, मग मधे दोन तास काहीच नाही, मग लांबून भेकराचं भुंकणं आणि सगळा पाणवठा एकदम गप्प. वाघ आला नाही. सोबतच्या कोरकू दादाने भेकर कुठल्या नाल्यात ओरडतंय ते बोटाने दाखवलं आणि म्हणाला, 'पलीकडून गेला.' बस. हे देता येतं ना तुम्हाला? अशा जागा, असे दादा, आणि गाडीचं इंजिन बंद. दुर्दैवाने त्याचंही आता बुकिंग उघडलं की दहा मिनिटांत फुल्ल आणि लोक मचाणावर रील काढतात, पण निदान तिथे वाघाचा रस्ता अडवता येत नाही.

तर साहेब, मागणं साधं आहे. कोअरमध्ये २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नको हा केंद्राचा नियम २०१२ पासून आहे. प्रत्येक व्याघ्रप्रकल्पात हे २० टक्के नेमके कुठले रस्ते, कुठले पाणवठे, याचा नकाशा गेटवर लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यातले जे पाणवठे नुसते टुरिस्टला वाघ दिसावा म्हणून रस्त्याच्या कडेला केलेत ते आत हलवा. व्हीआयपी गाड्या बंद, मग तो मंत्र्याचा मेव्हणा असो नाहीतर क्रिकेटपटू. बफरच्या गेटचा पैसा कुठल्या गावाला किती गेला तो त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दिसू दे, आणि तेंदूच्या हंगामात त्या पैशातून पहाऱ्याला माणसं द्या. टायगर सफारीच्या एका प्रकल्पाला जेवढे कोटी लागतात त्याच्या निम्म्यात राज्यातली दोन-तीन जुनी प्राणिसंग्रहालयं माणसांना शिकवतील अशी करता येतील, तेवढं महापालिकांसोबत बसून बघा.

आणि सफारीवाल्यांनो, तुम्हाला एवढंच, पुढच्या वेळी ड्रायव्हरला टीप द्याल ती वाघ दिसला म्हणून देऊ नका. गाडी लांब उभी केली, वाघिणीला रस्ता सोडला, मागच्या गाडीला हात करून थांबवलं, म्हणून द्या, आणि तसं त्याला सांगून द्या. गावातला पोरगा आहे, लवकर शिकेल, तुम्हीच शिकवलेलं तो आत्तापर्यंत करतोय.

उमरेडला येत्या ३१ डिसेंबरला कुठल्या गेटमधून किती गाड्या सोडणार, तो आकडा तेवढा नोव्हेंबरातच जाहीर करून टाका. बुकिंग रद्द झाल्याची बोंब ठोकणाऱ्यांत मी नसेन.

आपला,
अमरावतीचा एक सफारीवाला